स्वीडनला जाऊन स्पीडवे बघायचाय: ग्रां प्री की मंगळवारची लीग?

येझदी_वर्तकनगर

नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. वडिलांची येझदी होती, तिच्यावरच माझा हात बसला. तिचं मूळ शोधता शोधता जावाच्या इतिहासात शिरलो आणि तिथून स्पीडवेला, म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींना, पोचलो. चेकमधल्या दिविशोव गावात एसो नावाचा कारखाना स्पीडवेच्या गाड्या बनवायचा, तो १९६४ मध्ये जावात गेला, आणि पुढे कित्येक जण त्या इंजिनांवर जगज्जेते झाले. हे वाचल्यापासून रोज रात्री शटर ओढलं की यूट्यूबवर शर्यती सुरू. ५०० सीसीचा एकच सिलिंडर, इंधन मिथेनॉल, ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही, चार जण, चार फेऱ्या, मिनिटभरात निकाल.

भाची लिनशोपिंगला शिकते. जून-जुलैत मी आणि मंडळी तिच्याकडे जायचं म्हणतोय. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार, म्हणून विचारतो. ग्रां प्रीचं, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या फेरीचं, तिकीट काढावं की तिथल्या क्लबांच्या लीगचा सामना बघावा? इंजिनं जवळून बघायला मिळतील का? आणि व्हिसाची तयारी कधीपासून करायची?

सीवूड्सकर

व्हिसापुरतं सांगतो. शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद हलवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. भाचीकडे उतरणार तर तिचं निमंत्रणपत्र जोडा. गॅरेजचे आयटी रिटर्न आणि बँकेचं स्टेटमेंट नीट लावा. धंदा स्वतःचा असला की तेच आधी बघतात. आणि प्रवासाचा हेतू लिहिताना मोटरसायकल शर्यत बघायला जातोय असं सरळ लिहा, खरं तेच लिहिलेलं बरं.

खारघरची_ताई

दादा, लीग बघा. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही एस्किल्स्टुनाला राहत होतो. तिथल्या स्मेडर्ना क्लबच्या मैदानावर मला या खेळाचं वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

ग्रां प्रीत प्रत्येक जण स्वतःसाठी धावतो. लीगमध्ये जोडी असते, आणि खरी गंमत तिथेच आहे. एका हीटमध्ये, म्हणजे एका शर्यतीत, यजमानांचे दोन आणि पाहुण्यांचे दोन. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला शून्य. पंधरा हीटचे मिळून ९० गुण, म्हणजे ४६ झाले की सामना जिंकला. आता बघा, आपला गडी पुढे आहे, जोडीदार तिसरा आहे. पुढचा एकटा सुसाट निघून जात नाही. मागे वळून बघतो, वळणावर जरा बाहेरची वाट धरतो, दुसऱ्या नंबरवाल्याचा रस्ता अडतो, आणि तेवढ्यात जोडीदार आतून निसटतो. झाले ५-१! स्क्रीनवर हे अर्धंच कळतं, कारण कॅमेरा पुढच्या गाडीला चिकटलेला असतो. मैदानावर तीनशे मीटरच्या आसपासचा ट्रॅक एका नजरेत येतो. यजमानांची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. एवढं ध्यानात ठेवलं की भाषा येवो न येवो, सगळं समजतं.

आत शिरताना कार्यक्रमपत्रिका घ्या आणि पेन जवळ ठेवा. तिथले जुने प्रेक्षक हीटनंतर हीट गुण हाताने भरतात. माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. मांडीवर लाकडी पॅड, त्यावर पत्रिका, पेन्सिलीला दोऱ्याने रबर बांधलेलं. गुण भरायला मला त्यांनीच शिकवलं, तेही बोटं दाखवून. त्यांच्या चौकटीत एकही खाडाखोड नसायची.

तुम्ही मेकॅनिक आहात, तेव्हा स्टार्ट जवळून बघा. सुरुवातीच्या रेषेवर आडव्या ताणलेल्या टेपखाली यायच्या आधी प्रत्येक रायडर बुटाने माती उकरून मागच्या चाकापुरती जागा करून घेतो. डाव्या बुटाला पोलादी तळवा बांधलेला, वळणावर तोच जमिनीवर घासत जातो. उजव्या मनगटाला एक दोरी असते. माणूस पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. टेप वर गेली की क्लच सुटतो, आणि पहिल्या वळणाला आधी पोचला त्याची अर्धी हीट जिंकून होते. तिथेच कठड्याला टेकून उभं राहायचं असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच, कारण मातीचे बारीक खडे उडतात. कानात घालायचे बोळेही न्या. आणि तो वास! जळलेलं मिथेनॉल आणि इंजिनातलं एरंडेल तेल. आजही कुठे एरंडेल तापलं की मला मंगळवार संध्याकाळ आठवते.

पिटचं, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेचं, म्हणाल तर आमच्या वेळी सामना संपल्यावर लोकांना आत सोडायचे. तुम्ही जाल त्या क्लबला आधी ईमेल करून विचारा. गिअरबॉक्स नसल्यामुळे ट्रॅक बघून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, बदलतात. टायरच्या ठोकळ्यांची एक कड झिजली की टायर उलटा बसवून दुसरी कड वापरतात. दोन हीटच्या मधल्या वेळात ती माणसं हे सगळं घाई न दाखवता करतात. तुम्हाला ते बघून फार समाधान वाटेल.

कुठे जायचं? सामने बहुतेक मंगळवारी संध्याकाळी असतात. लिनशोपिंगहून एस्किल्स्टुनाला रेल्वेने जाता येतं, स्टॉकहोमहून तर तासाभराचा रस्ता. पण माझं मन विचाराल तर मोलिला. तिथे डकार्ना क्लब आहे. दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, घोडबंदर रोडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये याहून जास्त माणसं राहतात, आणि याच गावात जागतिक ग्रां प्रीच्या फेऱ्याही झाल्या आहेत. १९४७ मध्ये तिथे ३८ अंश तापमान नोंदलं गेलं, तो स्वीडनमधला उच्चांक. म्हणून गावात पंधरा मीटर उंचीचा थर्मामीटर उभा केलाय. लिनशोपिंगहून काल्मारकडे जाणारी रेल्वे त्याच भागातून जाते. मात्र रात्रीची परतीची गाडी धरून बेत आखू नका, मुक्काम करा.

आणखी एक, पाऊस. पावसाने ट्रॅक फार भिजला की सामना रद्द होऊ शकतो. म्हणून मुक्कामात दोन मंगळवार येतील अशाच तारखा घ्या. हे कृपा करून ऐकाच.

कळवा_नाका

ताईंशी सहमत. भर एवढीच, की हेच रायडर शुक्रवारी-रविवारी पोलंडमध्ये धावतात आणि मंगळवारी स्वीडनमध्ये. जमलं तर कार्ल्सक्रोनाहून बोटीने पोलंडमधल्या ग्दिनियाला जा आणि तिथून तोरुन शहरातला एक सामना बघा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, फक्त जास्त दिवस स्वीडनमध्ये दाखवा, कारण अर्ज तिथे करताय. पोलंडमधली गर्दी आणि आवाज वेगळाच असतो. स्वीडनमध्ये रोख फारशी लागत नाही, पण स्विश ॲप आपल्याला चालत नाही. ते तिथल्या बँक खात्यावर चालतं. परदेशात चालणारं कार्ड न्या.

येझदी_वर्तकनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मोलिला पक्कं. दोन मंगळवार धरूनच तिकीट काढतो. एक अडचण आहे: मंडळींचा मंगळवारचा उपास असतो, आणि त्या तो मोडणार नाहीत. मैदानावर काय मिळतं?

खारघरची_ताई

सॉसेज, बर्गर आणि कॉफी. उपासाचं काहीच नाही. राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर इथूनच न्या. पेढे, बर्फी नको, बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बटाटे आणि दाणे तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात, भाचीकडून निघतानाच वहिनींना बटाट्याची भाजी डब्यात करून घ्यायला सांगा. आणि स्वेटर घ्या, जुलैतसुद्धा सामना संपेपर्यंत गारठा पडतो.