अनुभव धागा: 'मला जमेल' असं तुम्हाला कधी वाटू लागलं?

लेक बारावीत आहे. प्रीलिमला ७१ टक्के पडले आणि तेव्हापासून धड जेवत नाही, रात्री दोनला उठून बसते. "आई, मला फिजिक्स येतच नाही," एवढंच म्हणते. बी.एड.ला मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धांत शिकले होते. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की क्षमतेवरचा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतःला जमलं, आपल्यासारख्याला जमताना पाहिलं, जवळच्याने धीर दिला, आणि शरीर-मन शांत असलं. पुस्तकातलं मला पाठ आहे, घरात काय करू ते कळत नाही. तुमचं सांगाल का?

परळ
दहावीपर्यंत मराठी शाळा, ९१ टक्के. अकरावी सायन्सला पहिल्याच तासाला सर 'व्हेलॉसिटी', 'ॲक्सिलरेशन' म्हणत होते. मला वेग आणि त्वरण उत्तम येत होतं, पण ते हेच, हे कळायलाच आठवडे गेले. अडत होतं शब्दांपाशी, मला वाटलं डोकंच चालत नाही. रोज सकाळी पोटात दुखायचं, रविवारी कधीच नाही. मग आमच्याच चाळीतल्या, मराठी शाळेतूनच गेलेल्या एका ताईने तिची वही दिली. डावीकडे घर्षण, उजवीकडे फ्रिक्शन, अशी पानंच्या पानं. वहीपेक्षा ताई पास झाली होती, याचा आधार मोठा होता. पोटात दुखायचं कधी थांबलं ते लक्षातही आलं नाही.

डोंबिवली, इंजिनिअरिंग
लहानपणापासून 'हुशार' ऐकलेलं. एम-३ ला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली (नापास झालो, पेपर पुन्हा द्यायचा होता) तेव्हा घरी सांगवेना. दोन महिने दादर स्टेशनवर बाकड्यावर बसून लोकल सोडत राहायचो. लेकीला 'तू हुशारच आहेस' म्हणू नका, प्लीज. काय जमलं ते नेमकं दाखवा.

रात्रशाळेतला शिक्षक
वर्गातला एक जण दिवसभर भाजीची गाडी लावतो. अपूर्णांक आले की वही मिटायचा, चाचणीच्या संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायचं. एकदा विचारलं, "४० रुपये किलोने पावणेदोन किलो कांदे?" "सत्तर," त्याने चटकन सांगितलं. तेच मी फळ्यावर लिहिलं: एक पूर्णांक तीन चतुर्थांश गुणिले चाळीस. तो बघतच राहिला. "सर, हे तर मी रोज करतो." पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड... सगळे अपूर्णांक त्याच्या तोंडात होते, कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. आता तो पहिल्या बाकावर बसतो.

मुलुंड
थोडं वेगळं सांगते. माझ्या भावाला मार्कही होते, आत्मविश्वासही होता, तरी तो खचला. झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर अभ्यासाचं बोलणं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिच्याबरोबर पेपर घेऊन बसले. रोटेशनल डायनॅमिक्सची चारपैकी तीन गणितं रीतीने बरोबर होती, एककं चुकली म्हणून मार्क गेले होते. तिने स्वतःच त्यावर हिरव्या पेनाने खुणा केल्या. झोप अजून तुटतेच आहे. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.