मदत हवी आहे: मोठा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवला की अर्धवटच येतो

लालबागला राहतो. बाबांच्या जुन्या ॲण्ड्रॉइडवर आमच्या चाळीच्या गणपतीतल्या नाटकाचा व्हिडिओ आहे, १.३ जीबीची एकच फाइल. चाळ पुनर्विकासात चाललीय, त्यामुळे ती फाइल हवीच आहे. पण फोनचं वायफाय मेलंय, केबल लावली तर नुसता चार्ज होतो, मेमरी कार्डाची सोय नाही. ड्राइव्हवर चढवावं तर खोलीत रेंजची एक दांडी. राहिलं ब्लूटूथने लॅपटॉपवर पाठवणं.

तीनदा पाठवून झालं. दोनदा तासाभराने 'फेल्ड'. तिसऱ्यांदा वाटलं आली, तर १.१ जीबीच, आणि व्हीएलसी प्लेअरमध्येही उघडेना. आलाय तेवढा भाग तरी दिसायला नको का? हवेत डेटा खराब होतो की काय?

प्रतिसाद १
हवेत बिघडलेलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) सीआरसी तपासणीत, म्हणजे सोबत आलेला तपास-आकडा जुळवताना, पकडलं जातं आणि पुन्हा पाठवलं जातं. तुमचा डेटा खराब होत नाहीये, जोडणी तुटतेय. ब्लूटूथचा खरा वेग सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे या फाइलला जवळपास दीड तास. तेवढ्या वेळात फोन बॅटरी वाचवायला झोपतो, त्यात चाळीतले वायफाय राउटरही बहुधा ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर. एकदा तुटलं की पहिल्यापासून सुरुवात.

न उघडण्याचं कारण वेगळं. एमपी४ या प्रकारच्या व्हिडिओ फाइलची अनुक्रमणिका फोन बहुधा फाइलच्या शेवटी लिहितो. शेवटच आला नाही तर कुठली फ्रेम कुठे आहे हे प्लेअरला कळणार कसं?

झेडआर्काइव्हर या ॲपने फाइलचे ५० एमबीचे ७झेड (झिपसारखा प्रकार) तुकडे करा. कॉम्प्रेशन नको, व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. सगळे लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये आले की सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये पहिल्या तुकड्यावर 'टेस्ट' करा, म्हणजे सगळे नीट आलेत का ते कळेल. फोनवर मात्र आणखी तेवढीच जागा मोकळी लागेल.

प्रतिसाद २
पाठवताना ब्लूटूथ इअरफोन तोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. फोन लॅपटॉपशेजारीच ठेवा, लोखंडी कपाटावर नको.

धागाकर्ता
जागा ९०० एमबीच होती. बाबांना विचारून गुड मॉर्निंगचे फोटो उडवले, दोन जीबी निघाले!

२७ तुकडे झाले. अकरावा आणि एकोणिसावा अडकला, तेवढेच परत पाठवले. 'टेस्ट'मध्ये एकही एरर नाही, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. बाबा दोनदा बघून झोपले. फोनवरची मूळ फाइल अजून उडवलेली नाही, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत झाल्यावर बघू.