परदेशातील भाड्याचे घर : नाशिककरांनो, आपले अनुभव सांगा

माझी मुलगी येत्या सप्टेंबरात शिक्षणासाठी म्युनिचला जात आहे. आम्ही कॉलेज रोडला तेरा वर्षे भाड्याने राहिलो. ते घर मामांच्या ओळखीने मिळाले, मालकांनी अनामत रक्कम वहीत लिहून घेतली आणि अकरा महिन्यांचा करार दर वेळी पुढे सरकत गेला. परदेशात अशी ओळख कोठून आणायची, ही आम्हा दोघांची खरी काळजी आहे. ज्यांनी तेथे घर भाड्याने घेतले आहे त्यांनी आपले अनुभव, विशेषतः जे चुकले ते, सविस्तर सांगावे ही विनंती.

इंदिरानगर, सहा वर्षे म्युनिचमध्ये

जर्मनीत जाहिरातीत दोन भाडी दिलेली असतात. ‘काल्टमीटे’ हे नुसत्या जागेचे भाडे आणि ‘वार्ममीटे’मध्ये हीटिंग, पाणी, कचरा वगैरे खर्च धरलेला असतो, वीज बहुधा त्याहूनही वेगळी. हा वरखर्चाचा भाग आगाऊ अंदाजाने घेतात आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो. पहिल्या हिवाळ्यात मी हीटर रात्रंदिवस चालू ठेवला आणि हिशेब आला तेव्हा चांगलाच भुर्दंड बसला.

दुसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. किल्ली मिळाल्यावर दार उघडले, तर स्वयंपाकघरात चार पांढऱ्या भिंती, बूच मारलेला पाण्याचा पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी एवढेच होते. सिंक, शेगडी, कपाटे, दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू घेऊन गेला होता आणि तेथे ही सर्रास चालणारी रीत आहे. तीन आठवडे मी इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी लावली आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली. म्हणून स्वयंपाकघर घरासोबत मिळणार आहे का, हे आधी लेखी विचारावे.

अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. मला हे ठाऊक नसल्याने मी सगळी एकदम भरली. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी मालकाचे सहीचे पत्र लागते. ते देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी फार लांब असते. प्रवेश मिळाला त्याच दिवशी अर्ज करावा.

पंचवटी, मुलगा डब्लिनमध्ये

हे लिहिताना अजूनही वाईट वाटते. छायाचित्रे सुंदर, भाडे वाजवी आणि मालक ‘सध्या परदेशात असल्याने किल्ली कुरिअरने पाठवतो’ असे नम्रपणे सांगणारा. मी मुदत ठेव मोडून दोन महिन्यांचे भाडे आणि अनामत पाठवली. मुलगा पत्त्यावर पोहोचला तेव्हा तेथे दुसरेच कुटुंब राहत होते आणि त्यांनी घर भाड्याला दिल्याचे कधी ऐकलेही नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत. आपण किंवा आपल्या विश्वासातील कोणी घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये, हे मी हात जोडून सांगतो.

सिडको, दुबईत नऊ वर्षे

येथे भाडे वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांचे धनादेश आधीच द्यावे लागतात. धनादेश जितके कमी, तितके भाडे घासाघीस करून उतरते. कराराची ‘इजारी’, म्हणजे सरकारी भाडेकरार नोंदणी, झाली की नाही हे स्वतः तपासावे, कारण वीज-पाण्याची जोडणी आणि कुटुंबाचा व्हिसा त्यावरच अडतो. मालकाला स्वतःला राहण्यासाठी घर रिकामे करून हवे असेल, तर त्याला बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. आम्हाला ‘महिनाभरात निघा’ असा तोंडी निरोप आला होता आणि हा नियम माहीत होता म्हणूनच आम्ही टिकलो.

महात्मानगर, लीड्समध्ये चार वर्षे

इंग्लंडमध्ये मालकाने अनामत रक्कम 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते, आणि 2019च्या कायद्यानुसार सर्वसाधारण घरासाठी ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक नसते. घर सोडताना आमच्या मालकीणबाईंनी ओट्यावरच्या पिवळ्या डागासाठी मोठी कपात सुचवली. हळद आमचीच, असे त्यांनी गृहीत धरले होते. पहिल्या दिवशी सामान उघडण्यापूर्वी मी काढलेल्या छायाचित्रात तो डाग तारखेसह होता. योजनेच्या विनामूल्य तंटानिवारणात ते छायाचित्र दाखवले आणि पूर्ण रक्कम परत आली.

मूळ विचारणा करणारी

सर्वांची मनापासून आभारी आहे. पंचवटीच्या काकांनी लिहिलेले वाचून अंगावर काटा आला, कारण मुलीला आलेल्या एका निरोपातही किल्ली कुरिअरने पाठवण्याचीच भाषा आहे. उद्या बँकेत जाणार होतो, ते रद्द केले. वसतिगृहाचा अर्ज तिने आत्ताच भरला. इंदिरानगरच्या दादांना एवढेच विचारायचे आहे की, वसतिगृह मिळेपर्यंत नोंदणीचे पत्र देणारी तात्पुरती खोली कशी शोधावी?