नोकरी सांभाळून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री: बंद घरातले सामान एकगठ्ठा घ्यावे का?

नवशिका, फोंडा

नमस्कार. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला असून शनिवार-रविवार मला मोकळा असतो. गेल्या वर्षी रजेच्या दिवशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक पितळी समई जवळजवळ मोडीच्या भावाने, म्हणजे १,८०० रुपयांना मिळाली आणि पणजीतल्या एका सजावटकाराने ती ४,००० रुपयांना नेली. त्या उत्साहात आणखी सहा वस्तू घेतल्या, पण त्यांतल्या दोनच खपल्या. बाकीच्या खाटेखाली पडून आहेत आणि त्यांवरून घरात बोलणी खावी लागतात.

आता सासष्टीतल्या एका बंद घरातले सामान एकगठ्ठा मिळत आहे. त्यात वेताच्या आठ खुर्च्या, एक शिसवी पेटारा, चिनी मातीच्या मोठ्या बरण्या, फेणीचे दोन गाराफांव (काचेचे मोठे बुधले), नाण्यांची एक डबी आणि हस्तिदंती ख्रिस्तमूर्ती आहे. घराची किल्ली त्या घरच्या तीन भावंडांपैकी धाकट्या भावाकडे असून इतर दोन भावंडे पोर्तुगालमध्ये असतात. तो ७५,००० रुपये मागतो आणि माझी शिल्लकही साधारण तेवढीच आहे. हा व्यवहार करावा का, आणि अशा जोडधंद्यातून नियमित उत्पन्न मिळते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बार्देसकर

नियमित म्हणाल, तर नाही. मी वीस-बावीस वर्षे हा उद्योग सुटीच्या दिवशी करीत आलो आहे. पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ काहीच विकले जात नाही, उलट ओलीने लाकडाला बुरशी येते आणि ती पुसण्यातच रविवार जातो. वर्षाचा हिशेब मांडला तर बरे पैसे सुटतात, पण त्यांच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवू नये.

आपल्या यादीतले माझ्या मते कामाचे सामान म्हणजे खुर्च्या. आपल्याकडे मागणी असते ती रोज वापरता येईल अशा, पन्नास ते नव्वद वर्षांच्या वस्तूंना. जुन्या घरात हॉटेल काढणारा माणूस बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, मांडायला खुर्च्या शोधत येतो. त्या कोणत्या शतकातल्या आहेत हे तो क्वचितच विचारतो, पण त्या डगमगतात का हे मात्र बसून पाहतो.

खुर्ची घेताना ती उलटी करून पाहावी. जुन्या कामात बैठकीच्या चौकटीला सगळीकडून बारीक भोके पाडलेली असतात आणि वेताची एकेक पट्टी त्यांतून ओवून हाताने विणलेली असते. चौकटीत खाच पाडून त्यात तयार विणलेली जाळी दाबून बसवली असेल, तर बहुधा एक तर खुर्ची अलीकडची आहे किंवा कोणीतरी तिची बैठक बदलली आहे. सांध्यात लाकडी खुंट्या आहेत की अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू आहेत, हेही पाहावे. पायांचे तळ वर्षानुवर्षे फरशीवर घासून असमान झिजलेले असतात, त्यामुळे चारही तळ सारखेच काळे आणि गुळगुळीत दिसले तर मला शंका येते.

खर्चाचेही सांगतो. मागच्या खेपेला मी खुर्च्यांची एक जोडी ६,००० रुपयांना घेतली. वेत पुन्हा विणून घ्यायला २,४०० आणि टेम्पोला ८०० रुपये गेले, आणि ती जोडी पाच महिन्यांनी १३,००० रुपयांना गेली. वेत विणणारा माणूस हाताशी नसता तर मी त्या जोडीला हातही लावला नसता, कारण आता हे काम करणारे फार थोडे उरले आहेत.

कागदपत्रवाली, पणजी

खुर्च्यांचे बार्देसकरांनी सांगितलेच आहे, म्हणून मी कायद्यापुरते लिहिते. हस्तिदंती मूर्ती घेऊ नका, भेट म्हणूनही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि वस्तू पणजोबांच्या काळची असली तरी त्यात सूट मिळत नाही.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू, मूर्ती किंवा नाणे हे पुरावशेष ठरते, तर महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षेच पुरतात. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पेटारा शंभरीच्या पुढचा निघाला तर तोही यात येऊ शकतो. पणजीला मांडवीकाठी सीमाशुल्क विभागाचे धरोहर संग्रहालय आहे, तिथे जप्त केलेल्या मूर्ती एकदा पाहून या. माझ्या नुसत्या लिहिण्यापेक्षा त्यांचा परिणाम अधिक होईल.

मला अधिक काळजी वाटते ती त्या धाकट्या भावाची. वाटणी झालेली नसेल तर घरातली खुर्चीसुद्धा सगळ्या वारसांची असते आणि किल्ली हाती असणे म्हणजे मालकी नव्हे. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याचा, दावा चालू आहे का, हे विचारावे. तिन्ही भावंडांची लेखी संमती, वस्तूंची छायाचित्रांसह यादी आणि बँकेतून दिलेली रक्कम, एवढे असल्याशिवाय सामान उचलू नये. बंद घरांतून चोऱ्या होतात, आणि उद्या तक्रार झाली तर माल आपल्या खाटेखाली सापडेल.

जीएसटीची नोंदणी मालाच्या विक्रीत ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण पुणे-मुंबईच्या गिऱ्हाइकाला माल पाठवला तर आंतरराज्य विक्री म्हणून ती आधीच घ्यावी लागते. सुरुवात गोव्यातल्या गोव्यात करावी हे बरे.

तांगावाली, मडगाव

डबीतली नाणी कृपया घासू नका. लग्नानंतर सासरच्या डबीत मला १८८२ चा एक चांदीचा रुपिया (पोर्तुगीज अमलातला इथला रुपया) सापडला होता आणि मी तो भांड्यांबरोबर चिंच-राखेने लख्ख केला. संग्राहकाने भिंगातून ओरखडे पाहिले आणि तो चांदीच्या भावावर आला.

डबीत बहुधा पोर्तुगीज अमलातली १९५८-५९ ची एस्कुदो आणि सेंताव्हो नाणी असतील. १९५८ मध्ये एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर धरून चलन बदलले होते. ती नाणी शंभरीच्या आतली असून सहज मिळतात, म्हणून त्यांना मोठा भाव येत नाही. पोर्तुगालच्या राजा लुईसच्या छापाचा १८८१ किंवा १८८२ चा रुपिया निघालाच तर तो ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, कारण ओतीव नकली नाणी बहुधा वजनात फसतात. मात्र तो शंभरीच्या पलीकडचा आहे, त्यामुळे विक्रीआधी परवान्याचे विचारून घ्यावे.

नवशिका, फोंडा

सर्वांचे आभार. मूर्ती, पेटारा आणि नाणी सोडून फक्त खुर्च्या, बरण्या आणि गाराफांव २८,००० रुपयांना देता का, असे त्या धाकट्या भावाला विचारले. तो तयार आहे, पण पोर्तुगालमधल्या आपल्या बहिणीला कळवू नये असे म्हणतो.

कागदपत्रवाली, पणजी

मग बहिणीचा होकार लेखी येईपर्यंत थांबा.

बार्देसकर

तोवर खुर्च्यांच्या खालच्या बाजूची छायाचित्रे टाका. आठही एकाच संचातल्या आहेत का, तेवढे पाहू.