अनुभव धागा: संगणक बिघडला, आता सर्व्हिसला देण्याआधी काय बघायचं?

संगणक मधेच बंद पडतो, सुरूच होत नाही, किंवा सर्व्हिस सेंटरवाले मदरबोर्ड बदलायला सांगतात, अशा वेळी उपयोगी पडलेली माहिती इथे लिहा. 'अमक्या कंपनीची सर्व्हिस वाईट' एवढ्यावर थांबू नका. लक्षण काय, दोष बहुधा कुठे निघतो, तपासायचा कसा, हे आलं तर वाचणाऱ्याचे पैसे वाचतील.

सुरुवात मी करते. हेल्पलाइनला 'सारखा हँग होतो' असं सांगितलं की समोरचा माणूस ठरलेली यादी पहिल्यापासून सुरू करतो: रीस्टार्ट करा, अपडेट टाका, विंडोज पुन्हा टाका. त्याऐवजी नोंद हातात ठेवून फोन करा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की दिवसवार तक्ता उघडतो, बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. त्याचा फोटो काढा. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारं साधन) उघडून त्यातल्या सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' शोधा. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ही नोंद सांगते, पण तिच्या तपशिलात बगचेक कोड असतो. तो शून्य नसेल तर निळा पडदा येऊन मशीन कोसळलंय, म्हणजे ड्रायव्हर किंवा रॅमपासून सुरुवात करायची. शून्य असेल तर वीज, एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी) किंवा तापमानाकडे बघा. कधीकधी गोठलेलं मशीन बटण दाबून बंद केल्यावरही शून्यच येतो, तेवढं आठवून सांगा.

चिपळूण, दुरुस्तीचं दुकान

ताई, नोंदी बघायला आधी मशीन सुरू तर व्हायला हवं! कोकणात पावसाळ्यात 'डिस्प्ले येत नाही' हीच तक्रार जास्त, आणि त्यात रॅमचा कॉन्टॅक्ट खराब असण्याचं प्रमाण मोठं. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. रॅम काढून सोनेरी पट्टीवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, रबराचा चुरा ब्रशने झाडा, स्लॉटही कोरड्या ब्रशने साफ करा. सँडपेपर कधीही लावू नका. सोन्याचा थर अगदी पातळ असतो, तो गेला की खालचा धातू गंजतो आणि दुखणं कायमचं होतं. एकच रॅम परत लावा, क्लिपचा 'टक्' आवाज आलाच पाहिजे. चालली तर दुसरी लावून बघा.

पंखाही फिरत नसेल तर एसएमपीएस. मदरबोर्डचा २४ पिनचा कनेक्टर सोडवून त्यातली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला जोडली की एसएमपीएसचा पंखा फिरायला हवा. मल्टिमीटरवर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट, याच्या आत रीडिंग हवं. पण हे बिनलोडचं. रिकामा असताना १२ दाखवणारा एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाचा लोड आला की खाली बसतो, म्हणून शेवटचा निकाल चांगला एसएमपीएस लावूनच द्यायचा. तो पेटीतून उघडण्याच्या फंदात घरी पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर सीआर २०३२ सेल बदला. त्यासाठी कोणी मदरबोर्डाचं बिल देत असेल तर मशीन उचलून घरी न्या.

सांगली, वायरिंगचं काम

दादांनी एसएमपीएस सांगितला, मी त्याच्या मागची भिंत सांगतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुतेक वेळा अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की कॅबिनेटवर साधारण निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. करंट थोडा असतो, पण यूएसबी पोर्ट, साउंड, कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर यांची वाट त्यातून लागू शकते. सॉकेटवर मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. ते करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर पूर्ण कॅबिनेट जिवंत होतं.

यूपीएसचं: ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. लेसर प्रिंटर त्यावर लावायचा नाही, त्याचा हीटर चालू होताना झटक्यात मोठा लोड ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

पुणे, ऑफिसच्या आयटी विभागातून

लॅपटॉप सेंटरला देण्याआधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की. नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला पत्ताही नसतो. रोज हे कुलूप उघडणारी चावी मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की मशीन रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर एसएसडी ठणठणीत असूनही डेटा गेला. मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या 'डिव्हाइसेस'मध्ये ती दिसते. दिसत नसेल तर सेटिंग्जमधून काढून कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग नाही.

बॅकअप स्वतःच घ्या, डेटाची जबाबदारी आमची नाही असं जॉबशीटवर (मशीन घेताना सेंटर देतं त्या कागदावर) छापलेलं असतं. त्याच जॉबशीटवर रॅम किती जीबी, एसएसडीचा सीरियल नंबर, चार्जर दिला की नाही, स्क्रीनवर आधीचे ओरखडे कुठे, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. लॉगिनचा पासवर्ड देण्यापेक्षा वेगळं तात्पुरतं खातं करून द्या.

टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण फुगलंय? बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न नको.

नाशिक

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर. हार्डडिस्कमध्ये ५, १९७ आणि १९८ (त्यात 05, C5, C6 असे दिसतात) या ओळींचे रॉ आकडे शून्यावरून वाढायला लागले की त्याच दिवशी कॉपी काढा. १९९ (C7) वाढत असेल तर आधी डिस्कची साटा केबल बदला, डिस्क बहुधा बरी असते.

ठाणे, ज्येष्ठांना संगणक शिकवते

'तुमच्या संगणकात व्हायरस, या नंबरवर फोन करा' असा पडदा आला तर तो ब्राउझरमधला साधा वेबपेज असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातून ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुनी पानं उघडू देऊ नका. त्या नंबरवरचे ठग एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावून इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल नोंदी दाखवतात. वर ताईंनी सांगितलेला तोच लॉग. चांगल्या चालणाऱ्या मशीनमध्येही त्यात लाल नोंदी असतातच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधण्यापेक्षा बिलावरचा किंवा कंपनीच्या साइटवरचाच नंबर घ्या.

कोल्हापूर, ग्राहक तक्रारींचं काम

लॅपटॉपची बिजागरी तुटली की सेंटर 'फिजिकल डॅमेज' लिहून वॉरंटी नाकारतं. कडक झालेली बिजागरी प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट उपटून काढते, बाहेरून आपटल्याची खूण कुठेच नसते. झाकण काढल्यावर नटांच्या जागेचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढायला लावा, आणि नकाराचं कारण ईमेलवरच मागा. तोंडी उत्तराचा पुढे काडीचा उपयोग होत नाही.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे निकाल देत नाहीत, पण कंपनीच्या वरच्या टेबलापर्यंत तक्रार पोचते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. बिल, सगळ्या जॉबशीट तारखेच्या क्रमाने आणि तो नकाराचा ईमेल, एवढे कागद लावा. थर्मल प्रिंटरवरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, घेतल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढून ठेवा.