रेषेला रुंदी असते का?

वर्णपटी: क्वेसारवरचा, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे तेजाळलेल्या दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यावरचा, लेख मराठीत करतेय. त्याच्या वर्णपटातल्या ‘ब्रॉड एमिशन लाइन’पाशी, म्हणजे वायूनं ठरावीक तरंगलांबीला फेकलेल्या प्रकाशाच्या पसरट रेषेपाशी, गाडी अडली. मी ‘रुंद उत्सर्जन रेषा’ लिहिलं, तर संपादकांनी समासात खरडलं: रेषेला रुंदी नसते!

भूमितीवाला: बरोबरच आहे त्यांचं. पोरांकडून हेच घोकून घेतो आम्ही. ‘पट्टा’ लिहा.

आकाशनिरीक्षक: पट्टा नको. रेणूंच्या वर्णपटात जवळजवळ चिकटलेल्या रेषांचा मिळून पट्टा होतो. इथे रेषा एकच, उदाहरणार्थ हायड्रोजनची. कृष्णविवराभोवतीचा वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगानं फिरतो. थोडा आपल्याकडे येतो, थोडा लांब जातो, म्हणून रेषा दोन्ही अंगांना फाकते. शेजारची ५००.७ नॅनोमीटरची ऑक्सिजनची रेषा बघा, कशी सडपातळ! तो वायू केंद्रापासून बराच दूर, त्यामानानं संथ.

बोरूबहाद्दर: मग ‘रेघ’ म्हणा की. जाड रेघ, बारीक रेघ सगळं चालतं. ‘रेखा’वरूनच आलाय शब्द.

भूमितीवाला: उद्या ‘उत्सर्जन रेघोट्या’ म्हणाल!

बोरूबहाद्दर: म्हणेन. रेडशिफ्टला, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्याला, तुम्ही ‘ताम्रसृती’ म्हणता, त्यापेक्षा बऱ्या. ताम्र म्हणजे तांबं. रेडशिफ्टमध्ये तांबं कुठून आलं?

भूमितीवाला: ‘तांबडा’ तरी कुठून आलाय? ताम्रावरूनच ना?

आकाशनिरीक्षक: माझी तक्रार वेगळीच आहे. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरला. रेडशिफ्ट २ असेल, म्हणजे तरंगलांबी तिप्पट झाली असेल, तर ती साधारण ३६५ला दिसते, म्हणजे अजून अतिनीलातच. तांबड्याचा पत्ता नाही! ३सी २७३ या क्वेसारचंच घ्या. हायड्रोजनची ४८६.१ची रेषा तिथे ५६३च्या आसपास दिसते, म्हणजे हिरवट-पिवळी. पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून घेतलेल्या त्या वर्णपटातल्या रेषा हायड्रोजनच्याच, फक्त जवळपास १६ टक्के सरकलेल्या, हे खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांना १९६३ साली उमगलं. त्याआधी त्या ओळखूच येत नव्हत्या.

भूमितीवाला: सृती म्हणजे सरकणं. तांबड्याच्या दिशेनं सरकणं. पोचलीच पाहिजे असं कुणी सांगितलं?

बोरूबहाद्दर: आणि दूरच्या अवरक्तातली रेषा? ती तर सरकताना तांबड्यापासून आणखी लांब जाते. तिला काय म्हणणार, ताम्रपलायन?

वर्णपटी: अहो, पण ‘ब्रॉड’चं काय?

भूमितीवाला: थांबा हो जरा. बोरूबहाद्दर, दिशा आणि मुक्काम यांतला फरक आधी मान्य करा, मग पुढचं बोलू.