१९१८ ची मानमोडीची साथ: कोतवाल बुकांवरून तालुक्यातला प्रसार कसा मांडायचा?

दप्तरवाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या (जि. सातारा) सुमारे ४० गावांच्या कोतवाल बुकांतल्या, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या, १९१२ ते १९१९ च्या मृत्यूनोंदी मोडीतून उतरवून तक्त्यात भरल्या आहेत. तारीख, वय, लिंग, जात आणि मृत्यूचे कारण असे रकाने आहेत. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाची साथ तालुक्यात कुठून शिरली आणि कशी पसरली, याचा नकाशा करायचा आहे.

अडचणी अशा. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसते 'ताप' लिहिले आहे, 'मानमोडी' (या इन्फ्ल्युएंझाचे लोकांतले नाव) फार थोड्या ठिकाणी. मग साथीचे मृत्यू किती धरायचे? गावात साथ आली ती नेमकी कोणत्या तारखेला, असे कसे ठरवायचे? लोकसंख्या १९११ ची घ्यावी की १९२१ ची? आणि साथ पुणे–मिरज रेल्वेने वाठार, सातारा रोड, रहिमतपूर अशी उतरत गेली असा अंदाज आहे, तो तपासायचा कसा?

साथगणित

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर उभे आहे. कारणाचा रकाना मोजणीसाठी वापरूच नका. त्या काळच्या ठरलेल्या वर्गवारीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर एवढेच कप्पे होते. इन्फ्ल्युएंझाला वेगळा कप्पा नव्हता, म्हणून ते मृत्यू ताप आणि श्वसनाचे विकार या दोन्हींत वाटले गेले, थोडे 'इतर' मध्येही गेले. सगळ्या कारणांचे मृत्यू एकत्र घ्या आणि त्यातून नेहमीचे वजा करा. उरतील ते जादा मृत्यू.

'नेहमीचे' म्हणजे काय, इथे बहुतेकांचे चुकते. वर्षाची सरासरी काढून बाराने भागू नका. पावसाळ्यानंतर हिवतापाने तसेही मृत्यू वाढतात, त्यामुळे ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशीच व्हायला हवी. १९१२ ते १९१६ या पाच वर्षांतला त्या त्या महिन्याचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. सरासरी नको, कारण एका वर्षी पटकी येऊन गेली असेल तर तेवढ्याने सरासरी वर जाते. समजा दहा गावांच्या एका गटात ऑक्टोबरचे मृत्यू पाच वर्षांत २४, ३१, २९, ३८, २७ असे आहेत. मध्यक २९. ऑक्टोबर १९१८ मध्ये ३१० मृत्यू असतील तर जादा २८१. गटाची लोकसंख्या १०,००० असेल तर त्या एका महिन्याचा जादा दर हजारी २८ झाला. हेच सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांसाठी करा.

१९१७ पायाभूत वर्षांत धरू नका. दख्खनात प्लेगचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन हिवाळाभर चालतो, आणि १९१७-१८ चा हंगाम जड गेला होता. १९१८ च्या सप्टेंबर-डिसेंबरमध्ये प्लेग आणि पटकीच्या स्पष्ट नोंदी असतील तर त्या मात्र एकूण आकड्यातून बाजूला काढा. मग मध्यक काढतानाही त्या दोन कारणांचे मृत्यू वगळावे लागतील. दोन्ही बाजूंना एकच नियम हवा.

लोकसंख्या १९११ चीच घ्या. १९११ आणि १९२१ यांची सरासरी काढून १९१८ चा आकडा बसवणे हा मोह सोडा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या २.९ टक्क्यांनी घटली, आणि त्या घटीचे मोठे कारण हीच साथ. साथीनंतरचा आकडा भाजकात घातला की दर फुगतो.

जादा मृत्यू खरोखर इन्फ्ल्युएंझाचेच आहेत का, याची खूण वयाच्या रकान्यात सापडते. एरवी मृतांत पाच वर्षांखालची मुले आणि म्हातारी माणसे यांचाच भरणा असतो. १९१८ च्या दुसऱ्या, म्हणजे सप्टेंबरपासूनच्या जीवघेण्या लाटेत २० ते ४० वयाची धडधाकट माणसे गेली, बायका पुरुषांपेक्षा जास्त. वय अंदाजे लिहिलेले असते आणि २५, ३०, ४० अशा आकड्यांवर गर्दी होते, म्हणून पाच-पाच वर्षांचे गट पाडू नका. ०–४, ५–१४, १५–४४ आणि ४५ च्या पुढे एवढे चार पुरेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मध्ये १५–४४ चा वाटा मागच्या पाच वर्षांच्या तुलनेत उसळलेला दिसायला हवा. तो उसळला नसेल आणि लहान मुलांचाच वाटा वाढला असेल, तर त्या गावात काही वेगळे चालू होते. देवी किंवा हगवण शोधा.

मोडीलेखन

साथगणित यांनी हिशेब नीट सांगितला आहे. मी दप्तराच्या बाजूने सावध करते, कारण नकाशा आकड्यांपेक्षा तारखांवर उभा राहणार आहे आणि या बुकांत तारखा दगा देतात.

तुमच्या रकान्यात एकच तारीख आहे. ती मृत्यूची आहे की नोंदीची? काही बुकांत दोन्ही असतात, काहींत एकच असते आणि गावागणिक रिवाज बदलतो. ओळखायची रीत अशी: गावच्या साऱ्या नोंदी तारखेने लावून पाहा. एकाच तारखेला पाच-सात मृत्यू, मग सहा दिवस काही नाही, पुन्हा एकाच तारखेला ढीग, असे दिसले तर ती नोंदीची तारीख. मूळ पानावर सलग एकच शाई आणि एकच बोरू दिसतो, तोही पुरावाच. अशा गावासाठी 'दिवस' हे एकक सोडून द्या, आठवडा किंवा पंधरवडा धरा. तुमच्या तक्त्यात 'तारखेचा प्रकार' असा एक रकाना आत्ताच वाढवा.

काही बुकांत तिथी असते. १९१८ चा पावसाळा-हिवाळा म्हणजे शके १८४०. त्या वर्षी अधिक मास नव्हता, त्यामुळे रूपांतर सरळ आहे: भाद्रपद साधारण ६ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर, आश्विन तिथून ३ नोव्हेंबरपर्यंत, कार्तिक ३ डिसेंबरपर्यंत. आधीच्या वर्षी, शके १८३९ मध्ये, अधिक भाद्रपद होता. तेव्हाच्या तिथ्या १९१८ च्या कोष्टकाने बदलल्या तर महिनाभराची चूक होईल. 'वद्य' चा 'व॥' आणि 'शुद्ध' चा 'शु॥' घाईच्या मोडीत सारखे दिसतात. एका चुकीने पंधरा दिवस सरकतात. संशय असेल तिथे वरची-खालची नोंद पाहून क्रम जुळतो का ते तपासा.

'ताप' लिहिलेल्या नोंदींत 'ताप खोकला', 'ताप कफ' असे जोडशब्द आहेत का पाहा. ते उतरवताना नुसते 'ताप' करू नका, मूळ शब्द जसेच्या तसे ठेवा. मोजणीत त्यांचा उपयोग नाही हे खरे, पण पहिली 'ताप खोकला' नोंद कधी दिसते हे गावागावांत ताडून पाहता येते.

सर्वांत महत्त्वाचे: ज्या गावात ऑक्टोबरमध्ये मृत्यू अचानक थांबलेले दिसतात, ते गाव वाचले असे समजू नका. खबर देणारा कोतवाल, लिहिणारा कुलकर्णी किंवा पाटील स्वतः अंथरुणावर असला की बुक बंद पडते. साथ जिथे सर्वांत कडक, तिथेच नोंदी सर्वांत विरळ, असे होऊ शकते. कोऱ्या जागेला शून्य लिहू नका, 'नोंद नाही' लिहा.

लोहमार्ग

आता प्रसाराकडे. आधी तुलनेसाठी मुंबईच्या तारखा जवळ ठेवा. पहिली सौम्य लाट जून १९१८ मध्ये आली. १० जूनला गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, ती नोंद प्रसिद्ध आहे. दुसरी, जीवघेणी लाट सप्टेंबरात चढली आणि ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू झाले. पहिली लाट मृत्यूनोंदीत जवळजवळ दिसत नाही, म्हणून तुमचा नकाशा दुसऱ्या लाटेचाच असेल. शीर्षकात तसे स्पष्ट लिहा.

गावात साथ कधी 'आली' हे ठरवताना एकटे गाव फार लहान पडते. हजार वस्तीच्या गावात वर्षाला ३०-३२ मृत्यू म्हणजे आठवड्याला सरासरी ०.६. एवढ्या लहान सरासरीत एका आठवड्यात तीन मृत्यू निव्वळ योगायोगाने वर्षातून एखाद्या वेळी होतातच. त्यावरून 'साथ आली' म्हणाल तर जूनमध्येही येईल आणि मार्चमध्येही. शेजारची आठ-दहा गावे एकत्र करा. १०,००० वस्तीला आठवड्याचे अपेक्षित मृत्यू ६ येतात. लागोपाठ दोन आठवडे १२ किंवा जास्त झाले, तर त्यातला पहिला आठवडा हा आरंभ धरा. योगायोगाने असे होण्याची शक्यता नगण्य आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरचा नेहमीचा आकडा जास्त असेल तर उंबरठाही त्याच्या दुप्पट ठेवा.

गट पाडताना महसुली मंडळांवर जाऊ नका, वाटा पाहा: स्टेशनची गावे, आठवडी बाजाराची गावे, आणि दोन्हींपासून लांबची डोंगरकडेची गावे. वाठार स्टेशन निव्वळ तालुक्याचे नव्हते, वाई आणि महाबळेश्वरकडे जाणारी वाहतूक तिथे उतरत असे. रेल्वे आणि टपालाचे कर्मचारी या साथीचे वाहक ठरले, असे त्या वेळच्या आरोग्य अहवालांतही आहे. म्हणून टपाल कचेरी असलेली गावे वेगळ्या रंगात दाखवा.

तुमचा अंदाज तपासायचा तर असा: प्रत्येक गटाचे जवळच्या स्टेशनपासून चालत्या वाटेने अंतर काढा, सरळ रेषेने नको, मधे डोंगर आणि नदी आहे. आरंभाचा आठवडा त्या अंतरासमोर मांडा. मग दुसरा तक्ता करून तोच आठवडा जवळच्या बाजारगावाच्या अंतरासमोर मांडा. रेल्वेने साथ आणली पण गावोगाव बाजाराने नेली, असे असू शकते. तसे असेल तर स्टेशनची गावे जवळपास एकाच आठवड्यात पेटतील आणि बाकीच्यांचा क्रम बाजाराच्या अंतराशी जास्त जुळेल. वाठार, सातारा रोड, रहिमतपूर एकामागून एक 'उतरत' गेली असे आठवड्याच्या मापात दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. गाडीला तिथे काही तासच लागत.

आणखी दोन गोष्टी. मृत्यू हा उशिराचा संकेत आहे. आजार लागल्यापासून मृत्यूपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस, आणि मृत्यू मोजण्याइतके वाढायला मधे संसर्गाच्या काही पिढ्या जाव्या लागतात. म्हणजे साथीचे खरे आगमन तुमच्या आरंभापेक्षा दोन-तीन आठवडे आधीचे. नकाशावर 'मृत्यूवाढीचा आरंभ' लिहा, 'आगमन' नको. दुसरे, युद्धावरून परतलेल्या शिपायांनी साथ गावात आणली हे साताऱ्यासारख्या सैन्यभरतीच्या जिल्ह्यात सहज म्हटले जाते. युद्ध थांबले ११ नोव्हेंबरला, ही लाट त्याआधीच चढली होती. रजेवर आलेले शिपाई असू शकतात, मोठ्या संख्येने परतणारे नव्हेत.

फलटण आणि औंध संस्थानांची गावे तुमच्या हद्दीला लागून किंवा मधे मधे आहेत. ती ब्रिटिश जिल्ह्याच्या तक्त्यांत येत नाहीत. नकाशावर ती रिकामी दिसतील, तिथे 'संस्थान' अशी खूण करा.

दप्तरवाचक

सगळ्यांचे आभार. तारखा पुन्हा पाहिल्या. बऱ्याच गावांत ढीग आहेत, म्हणजे नोंदीच्याच तारखा. दोन गावांत १२ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेर पाने कोरी आहेत. ती गावे वगळावीत का? आणि जातीच्या रकान्याचे काय करावे?

साथगणित

वगळू नका, दुसऱ्या बाजूने तपासा. त्याच बुकात जन्मही आहेत. साथीत गरोदर बायका फार दगावल्या, गर्भपात झाले आणि त्या दोन महिन्यांत गर्भधारणा घटली. त्यामुळे नऊ महिन्यांनी, साधारण जून ते ऑगस्ट १९१९ मध्ये, जन्म खाली गेलेले दिसायला हवेत. त्या तीन महिन्यांचे जन्म १९१२–१६ च्या मध्यकाशी ताडा. कोऱ्या गावांत घट शेजारच्या गावांइतकीच किंवा जास्त असेल, तर साथ तिथेही होती. १९१८ चा पाऊस देशभर सरासरीपेक्षा जवळपास चतुर्थांशाने कमी झाला होता. दुष्काळानेही जन्म घटतात, म्हणून ही तुलना शेजाऱ्यांशीच करा. दुष्काळ सगळ्यांना सारखाच होता. यातून आरंभाची तारीख मिळणार नाही. ती गावे नकाशावर 'साथ होती, आरंभ अज्ञात' म्हणून ठेवा.

जातीचा रकाना जरूर वापरा, जपून. मुंबई शहरात या साथीचा मृत्युदर तेव्हाच्या नोंदींत ज्यांना 'खालच्या जाती' म्हटले त्यांच्यात हजारी ६१.६ होता, इतर हिंदूंत १८.९ आणि युरोपियनांत ८.३. दाटीची घरे, अपुरे अन्न आणि शुश्रूषेला माणूस नसणे, यांमुळे पडलेले अंतर एवढे मोठे होते. गावपातळीवर जातवार लोकसंख्या मिळत नसेल तर दर काढू नका. त्याऐवजी त्या समाजाचा एकूण मृत्यूंतला वाटा १९१२–१६ च्या सप्टेंबर-डिसेंबरमध्ये किती होता आणि १९१८ मध्ये किती झाला, एवढेच ताडा. हेही दहा गावांच्या गटावर करा.

मोडीलेखन

एक जोड. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले मृत्यू एरवीही कमी नोंदले जात असण्याची शक्यता धरा. साथीत वाटा वाढलेला दिसला तर तो निदान तेवढा होता असे म्हणता येईल. वाटा घटलेला दिसला तर त्यावरून त्या वस्तीत माणसे कमी गेली असे लिहू नका. आधी त्या महिन्यांत त्या वस्तीच्या जन्मनोंदीही थांबल्या आहेत का ते पाहा. दोन्ही एकदम थांबल्या असतील तर खबर आणणाराच आलेला नाही.